ईमेल पी.पी. बन्सीधर

जिंतूरच्या व्यंकटरावांनी निवृत्तीनंतर एकही मोठा निर्णय घेतला नव्हता. (निवृत्तीआधीही घेतला नव्हता. तेव्हा डोक्यावर साहेब होते आणि आता विमलाबाई होत्या, एवढाच फरक.) त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आलेला वरद चकली मोडता मोडता म्हणाला, "बाबा, तुमच्या साईटचं डोमेन दुसऱ्या कंपनीत हलवू का? दहा मिनिटांचं काम आहे," तेव्हा व्यंकटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता मान डोलावली. तिथंच फसले.

साईट म्हणजे 'आमची कॉलनी'. येलदरीला धरणाच्या पायथ्याशी वीजघरातल्या माणसांची जी वसाहत होती, तिथं व्यंकटरावांनी कारकुनीची सव्वीस वर्षं काढली. वीजघराची घरघर त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की सासुरवाडीला, राणीसावरगावला गेले की शांततेमुळं त्यांना झोप लागायची नाही. पुढं एकेक जण निवृत्त झाला, क्वार्टर्स रिकामी पडली, माणसं पांगली. कॉलनीची आठवण स्वस्थ बसू देईना, तेव्हा म्हणजे २००८ साली, व्यंकटरावांनी जिंतुरात इंटरनेट कॅफे चालवणाऱ्या सिद्धोधनला गाठून ही साईट बनवून घेतली.

ती अजून तशीच होती. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. वरती 'सुस्वागतम' उजवीकडून डावीकडं पळत जायचं आणि परत उजवीकडून निघायचं. तळाशी आकडा: 'आपण ५१,३०६वे पाहुणे आहात.' (त्यातले निम्मे तरी पाहुणे खुद्द व्यंकटराव होते.) आत एकशे ऐंशी फोटो. गणपतीतलं नाटक, पांढऱ्या चादरीवरचा शनिवारचा सिनेमा, क्वार्टर्सच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायका, त्या पापडांवर चेंडू मारणारी पोरं. आणि एक अभिप्राय वही, तिच्यात जगभर पांगलेली कॉलनी येऊन दोन ओळी लिहून जायची. धरणाच्या दरवाजांवर ड्यूटी केलेले सिताराम मिस्त्री लातूरला मुलाकडं अंथरुणाला खिळले, तेव्हा नातवाकडून त्यांनी एवढंच लिहून घेतलं होतं: 'यंदा दरवाजे किती उघडले?' चार दिवसांनी ते गेले. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहून गेलं.

आता बारा जानेवारीला जुन्या कॉलनीकरांचा मेळावा ठरला होता, आणि बेचाळीस घरांना गेलेल्या निमंत्रणावर याच साईटचा पत्ता होता.

"हे बघा," वरदनं समजावलं, "डोमेन म्हणजे साईटचा पत्ता. तो ज्या कंपनीकडं नोंदवलाय तिथली मुदत अठरा डिसेंबरला संपायलीय. ती कंपनी आता नावालाच राहिली. अर्धा अर्धा तास फोन उचलत नाहीत. मुदत संपली तर पत्ता जाईल, मग साईट कुणालाच दिसणार नाही."

"मुदत कशी काय?" व्यंकटराव दचकले. "सिद्धोधन तर म्हणला होता, कायमचं करून दिलंय."

"दहा वर्षांचं केलं असेल. पुढचं आपोआप वाढत गेलं असेल."

या खुलाशानं व्यंकटरावांचं समाधान झालं. आपोआप होणाऱ्या गोष्टींची चौकशी करायची नसते, हे ते नोकरीत शिकले होते.

वरद पुण्याला गेला आणि दहा मिनिटांचं काम सुरू झालं. पहिलं घोडं अडलं ते कुलुपावर. डोमेनला म्हणे कुलूप असतं. आधी जुन्या कंपनीत लॉगिन करून ते काढायचं, मग एक गुप्त कोड मिळतो, तो नव्या कंपनीला द्यायचा, मग ट्रान्सफर. व्यंकटरावांना हे चटकन समजलं. ही तर साधी बदली. कोड म्हणजे कार्यमुक्तीचा आदेश. तो हातात पडल्याशिवाय नवीन ठिकाणी रुजू होता येत नाही. फक्त लॉगिनला पासवर्ड लागतो, आणि तो सिद्धोधननं २००८ साली एका सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिला होता. ते पाकीट विमलाबाईंनी घरात सिगारेटचं पाकीट कशाला, म्हणून त्याच दिवशी चुलीत घातलं होतं.

'पासवर्ड विसरलात?' असं तिथं निळ्या अक्षरात विचारलेलं होतं. व्यंकटरावांनी ते दाबलं. 'कोड आपल्या ईमेलवर पाठवला आहे,' असं उत्तर आलं. व्यंकटरावांच्या ईमेलवर काहीच आलं नाही. त्यांनी परत दाबलं. आठवडाभर ते सकाळ-दुपार-संध्याकाळ चहासारखं ते बटण दाबत राहिले.

शेवटी कंपनीला फोन लावला. पस्तीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, ओनर से बात कराइए."

डोमेन विमलाबाईंच्या नावावर होतं. व्यंकटरावांच्या नावावर काही टिकणार नाही, असं लग्नातच एका जोशीबुवानं सांगून ठेवलं होतं, त्यामुळं प्लॉट, गॅस आणि स्कूटर सगळं विमलाबाईंच्या नावावर. (त्या स्कूटरवर त्या आजवर एकदाही बसल्या नव्हत्या.) भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं त्यांनी मनगटावर फोन धरला.

"हां, मैंच मालकीण हूं. बोलो."

"मॅडम, डोमेन आपका है?"

"हमारे घर में सब मेराच है. ये तो खाली देखभाल करते."

मुलगी खूश झाली. तिनं ईमेल सांगितला, पण गुप्ततेच्या नियमामुळं अर्धामुर्धा: आधी बी, मग सात फुल्या, मग आर.

"बी, सात फुल्या, आर," व्यंकटराव पुटपुटले. "हे कोण बुवा?"

विमलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "बन्सीधरभावजी. दुसरं कोण?"

आणि व्यंकटरावांना सगळं लख्ख आठवलं.

कॉलनीत घरचा फोन एकाच क्वार्टरमध्ये होता, पॉवर हाऊसचा ऑपरेटर बन्सीधर याच्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या व्यंकटरावांनी त्याचा नंबर सगळीकडं आपला म्हणून दिलेला. पुढं 'पी.पी. बन्सीधर' लिहायचं की झालं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस आमचा. फोन आला की बन्सीधर मधल्या भिंतीवरून ओरडायचा, "व्यंकट, फोन!" त्या एका हाकेवर व्यंकटरावांचं सगळं आयुष्य आलं होतं. मुलगा झाला हे त्यांना असंच कळलं, बढती मिळाली हे असंच कळलं, आणि वडील गेले हेही. त्या दिवशी मात्र बन्सीधर ओरडला नव्हता. भिंतीला वळसा घालून, चप्पल न घालता दारात येऊन उभा राहिला होता.

तर २००८ साली सिद्धोधननं अर्ज भरताना विचारलं, "काका, ईमेल?" ईमेल तेव्हा फक्त बन्सीधरकडं होता, त्याच्या मुलीनं, उत्तरानं, काढून दिलेला. व्यंकटराव सवयीनं म्हणाले, "बन्सीधरचा टाक. पुढं पी.पी. लिही." पी.पी. लिहायला तिथं जागा नव्हती. सिद्धोधननं नुसताच ईमेल टाकला.

"मग करा की फोन भावजींना," विमलाबाई म्हणाल्या.

व्यंकटरावांनी फोन खिशात टाकला. बन्सीधरशी त्यांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं.

कारण होता मासा. १९९१ साली धरणावर पकडलेल्या नऊ किलोच्या कटल्याचा फोटो व्यंकटरावांनी २०१४ साली साईटवर टाकला आणि खाली ओळ लिहिली: 'श्री. व्यंकटराव यांनी पकडलेला कटला. सोबत श्री. बन्सीधर.' त्याच दिवशी फोन आला.

"सोबत? मी सोबत?"

"फोटोत सोबतच उभा आहेस की."

"गळ माझा, दोरी माझी, हात माझे! तू काय पकडलं होतंस?"

"तुला! कमरेला धरून उभा नसतो तर कटल्यानं तुला नेला असता!"

फोन आपटला गेला. ओळ बदलणं दोन मिनिटांचं काम होतं, पण व्यंकटरावांना वाटलं, तो माफी मागेल. बन्सीधरला वाटलं, हा ओळ बदलेल. अशी दहा वर्षं गेली. मेळाव्याच्या निमंत्रणालाही बन्सीधरचं उत्तर आलं नव्हतं. (मासा मात्र त्या दिवशी दोन्ही घरांनी मिळून खाल्ला होता, आणि रस्सा बन्सीधरच्या बायकोनं, पार्वतीवहिनींनी केला होता, याबद्दल आजही वाद नव्हता.)

दहा डिसेंबरला नाक मुठीत धरून व्यंकटराव देवगाव फाट्याच्या एसटीत बसले. मांडीवर विमलाबाईंनी दिलेला धपाट्यांचा डबा. बन्सीधर निवृत्तीनंतर फाट्याजवळच्या शेतात घर बांधून राहात होता. तो ओट्यावरच बसलेला होता.

"या," बन्सीधर म्हणाला.

व्यंकटराव डबा सावरत पायरीवरच थांबले. चाळीस वर्षं 'ये रे' म्हणणारा माणूस 'या' म्हणायलाय.

"जरा ईमेलचं काम होतं," व्यंकटराव म्हणाले.

"ठावं हाय. आठ दिवसांत तुमचे पासवर्ड विसरल्याचे बावीस मेल आलेत. मी म्हणलं, माणूस लय बेजार झालेला दिसतोय, येईल." मग थोडं थांबून, "हातपाय धुवा. मी मशीन चालू करतो."

व्यंकटराव हौदावर पाय धुऊन आले, तोवर क्रोशाच्या रुमालाखालून लॅपटॉप निघाला होता. वरदला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "पाठवला कोड," वरद म्हणाला, "दहा मिनिटं चालतो हां."

"आला," बन्सीधर म्हणाला.

"सांगा की मग."

"सांगतो. आधी मला एक सांगा. कटला कुणी पकडला?"

"आता ते कशाला काढायलात?"

"मी न्हाई काढलं. तुमच्या साईटवर हाय. दहा सालं झाली, सगळी दुनिया वाचायलीय."

"दुनिया कुठली वाचतीय, मीच वाचतो!"

"मग तुमीच सांगा!"

दोघंही हातवारे करत १९९१ सालच्या काठावर जाऊन उभे राहिले. गळाची काडी कशी वाकली, पाय कसा घसरला. बोलता बोलता तुमी गळून पडलं आणि तू आलं. "तू डोळे मिटून उभा होतास!" "अरे, डोळे मिटून कंबर धरली, हात सोडले का?" तेवढ्यात फोनमधून वरद म्हणाला, "बाबा, गेला कोड. दहा मिनिटं झाली."

दुसरा कोड आला. आता व्यंकटरावांनी तडजोड मांडली, "दोघांनी मिळून पकडला, असं लिहू." "मिळून न्हाई!" बन्सीधर गरजला. दुसराही गेला. तिसऱ्या वेळी पार्वतीवहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "सांगा ओ कोड, पोरगं तिकडं ताटकळायलंय." बन्सीधरनं घाईघाईत कोड वाचला. तो दुसऱ्या मेलमधला, मेलेला कोड होता. खातं चोवीस तासांसाठी बंद झालं.

परतीची गाडी होती, पण धपाट्यांचा डबा वहिनींनी आत नेला तो परत दिलाच नाही. व्यंकटराव राहिले. मग काय करायचं, तर दोघांनी साईट उघडली. हा बघ नाटकातला राजा, मिशी गळून पडली होती त्याची. ही बघ उत्तरा, वरदला मारताना. बन्सीधरला एकेक फोटो पाठ होता. कुठल्या फोटोनंतर कुठला येतो हेही तो आधीच सांगत होता, आणि ते ऐकून व्यंकटरावांना कसंतरीच झालं. पुढं अभिप्राय वही आली, आणि सिताराम मिस्त्रींच्या ओळीवर बन्सीधरचं बोट थांबलं.

"त्या साली दोनच उघडले होते," तो म्हणाला. "मला उत्तर लिहायचं होतं. पण म्हणलं, व्यंकटच्या साईटवर मी कशाला लिहू? आठवड्यानं कळलं, मिस्त्री गेले."

व्यंकटरावांना आतून भडभडून आलं. एका मासळीपायी एक म्हातारा उत्तराची वाट बघत गेला. आणि आपणही दहा वर्षं भिंतीपलीकडच्या हाकेची वाट बघतच बसलो होतो, हे त्यांना त्या क्षणी कबूल करावं लागलं.

"कटला तुझा, बन्सी," ते म्हणाले. "मी फक्त तुला धरलं होतं."

बन्सीधरनं त्या ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "धरलं होतंस खरं. घट धरलं होतंस."

दुसऱ्या दिवशी सगळं लोण्यातून सुरी जावी तसं झालं. लॉगिन झालं, कुलूप निघालं, सोळा अक्षरांचा कोड बन्सीधरनं पॉवर हाऊसच्या आवाजात वाचून दाखवला. व्यंकटरावांनी फोटोखालची ओळ बदलली. वरदनं नव्या कंपनीत अर्ज दाखल केला आणि बजावलं, "आता काकांना एक मेल येईल. त्याला काही करायचं नाही. पाच दिवसांत आपोआप होऊन जाईल."

मेल आला. तेवढ्यात शेतातली लाईट आली. "मोटार टाकून येतो," बन्सीधर उठला. "कशाला हात लावू नको."

व्यंकटराव आणि मेल, दोघंच राहिले. मेलमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं, की आपलं डोमेन हलवण्याची विनंती आली आहे. मान्य असल्यास काहीही करू नये. मान्य नसल्यास खालील दुव्यावर जाऊन कळवावं. व्यंकटरावांनी ते तीनदा वाचलं. अर्थ पूर्ण समजला, पण पटेना. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेला एकही कागद शेऱ्याशिवाय पुढं गेला नव्हता. काहीच न कळवता मान्य आहे असं समोरच्याला समजणार कसं? उद्या म्हणतील, आमचं पत्र पोचलंच नाही. त्यांनी दुवा उघडला. तिथं शेऱ्यासाठी एक चौकोन होता. चौकोन पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यात त्यांनी इंग्रजीत टाइप केलं, 'वाचले. मान्य,' खाली नाव, हुद्दा, पुढं 'निवृत्त', आणि बटण दाबलं.

पाच मिनिटांत वरदचा फोन आला.

"बाबा, ट्रान्सफर रद्द झालं! मालकानं नाकारलं म्हणतायत. कारण दिलंय, 'वाचले. मान्य.' हे कुणी लिहिलं?"

व्यंकटरावांनी मेलची खिडकी हळूच बंद केली.

"एकदा नाकारलं की पंधरा दिवस नवीन अर्ज घेत नाहीत, बाबा. आणि मुदत संपायला सातच दिवस राहिलेत."

बन्सीधर मोटार टाकून आला तेव्हा व्यंकटराव कपाळाला हात लावून बसले होते. "गेली," ते म्हणाले. "साईट गेली, बन्सी. मिस्त्रींची ओळ गेली, सगळी कॉलनी गेली. माझ्या हातानं घालवली मी."

बन्सीधरनं काय झालं ते विचारून घेतलं. हसला नाही. हात पुसले, खुर्ची ओढली आणि लॅपटॉपवर एक कप्पा उघडला. त्यात ओळीनं पावत्या होत्या.

"दोन हजार आठराला पहिला मेल आला, मुदत संपायलीय म्हणून. म्हणलं, भरेल व्यंकट. मग ध्यानात आलं, मेल तर माझ्याकडं आलाय, त्याला कळणार कसं? सांगावं तर बोलणं बंद. मग मेलातच पैसे भरायचा दुवा होता, तिथनं मीच भरलं. तवापासून दर साली भरायलोय."

व्यंकटराव पावत्यांकडं बघत राहिले. आपोआप, असं वरद म्हणाला होता. दहा वर्षं ज्याच्यावर ते मनातल्या मनात खटले चालवत होते, तो दर डिसेंबरला गुमान त्यांच्या कॉलनीचा पत्ता जिवंत ठेवत होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं.

"आणि यंदाचं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"यंदाचं काल भरलं. तू हौदावर पाय धुवायला गेलास ना, तवा."

"काल?" व्यंकटराव ताठ झाले. "म्हणजे मी काही करायच्या आधीच? वा रे वा! चाळीस वर्षांची दोस्ती, आणि तुझा माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नव्हता?"

"अरे, होता ना," बन्सीधर लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल टाकत म्हणाला. "पूर्ण विश्वास होता. म्हणून तर एकदम तीन वर्षांचं भरून टाकलं."